वाचणाऱ्याला विचारायचं न्हाई

आमच्या घरात पुस्तक नुसतं वाचत नसत, पुस्तकाची उपासना व्हायची. बाबा शिरूरच्या मिशनचे उपदेशक. दावीद उपदेशक म्हटलं की सगळा तालुका ओळखायचा. त्यांचा नेम असा, की रोज दिवेलागणीला एकानं उभं राहून शास्त्राचा अध्याय मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, शेवटी आईनं आमेन म्हणायचं आन् मग बाबांनी प्रश्न विचारायचे. ऐकणाऱ्यांना हां. वाचणाऱ्याला कधीच न्हाई. त्याला काय विचारायचं, त्यानं तर वाचलंय!

शास्त्रापुरतं हे ठीक हुतं. पण माझा थोरला भाऊ योसेफदादा मास्तरकीच्या ट्रेनिंगच्या परीक्षेला बसला, तवा बाबांनी शिक्षणशास्त्राचं जाडजूड पुस्तकबी त्याच रांगेला लावलं. पहिल्या पानापासून वाचायचं, छापखान्याचं नावसुदीक सोडायचं न्हाई, एक ओळ गाळायची न्हाई. दादाचा आवाज खणखणीत, म्हणून वाचायला कायम तोच उभा. निमोण्याचे भिमाजी आप्पा वांगी द्यायला यायचे, ते टोपलं उतरून ओट्यावर बसायचे आन् धडा संपला की हात जोडायचे. धडा असायचा बालकांच्या स्मरणशक्तीचा, पण आईबी सवयीनं आमेन म्हणायचीच.

मग बाबा विचारायचे. आईला भाकरीची घाई, तवा उत्तरं मीच द्यायची. दादा पुस्तक मिटून, काम फत्ते झाल्यागत, हातपाय धुवायला जायचा.

परीक्षेत दादा आपटला. बाबांनी निदान केलं, आवाज कमी पडला.

दुसरं कुणी हसलं असतं, मला रडू आलं. मी सातवीची फायनल पास होऊन घरात बसले हुते आन् मलाबी ट्रेनिंगला जायचं हुतं. पण बाबांचा शब्द असा, की थोरला पास झाल्याबिगर धाकटीनं पुढं जायचं न्हाई. त्यात दौंडचे विल्यम मामा रेल्वेत. त्यांनी सांगून ठेवलेलं, पोरगं पुन्हा नापास झालं तर इंजिनं पुसायला शेडात खलाशी म्हणून चिकटवतो. दादा खलाशी झाला की माझं ट्रेनिंग कायमचं बुडालं. म्हंजी नापास व्हायचं त्यानं आन् जन्मभर चूल फुकायची मी!

दुसऱ्या वर्षी पुन्हा पहिलं पान. छापखान्याचं नाव तर आता भिमाजी आप्पांनाबी पाठ. एका सांजेला वाचन कसं शिकवावं ह्यावरचा धडा आला. त्यात लिवलेलं, की सतत मोठ्यानं वाचणाऱ्या मुलाचं लक्ष उच्चाराकडं राहतं, अर्थाकडं जात न्हाई. त्याला आधी प्रश्न द्यावा, मग मनात वाचू द्यावं, मग पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावं. दादानं हे सगळं असल्या खड्या आवाजात वाचलं, की मिशनच्या देवळाच्या कौलावरची कबुतरं उडाली. आई म्हणाली, आमेन. मी फस्सकन हसले आन् बाबांचा ओरडा खाल्ला.

सकाळी दादाला आडावर गाठलं. काल काय वाचलंस, म्हटलं. नववा धडा, म्हणाला. मग त्यात काय हुतं?

"मला काय म्हाईत? मी वाचत हुतो न्हवं!"

कपाळावर हात मारून घेतला मी. राग आला, आन् मागनं वाईटबी वाटलं. दादा काय मठ्ठ न्हवता. त्याला आजवर कुणी काही विचारलंच न्हवतं.

त्या दिवसापास्नं बाबा खेडोपाडी गेले, की मी त्याला चिंचेखाली बसवायची. धड्याच्या शेवटचे प्रश्न आधी वाचायला लावायची. ही त्याला चोरी वाटायची. म्हणायचा, शेवटाकडनं कुणी शास्त्र वाचतं व्हय? म्हटलं, तू वाच, पाप माझ्या माथी. मग धडा ओठ न हलवता वाचायचा. ओठ हलले की मी चिंचोका फेकून मारायची. येतंय ते सोडून द्यायचं, अडलं तिथं मागं फिरायचं. शेवटी पुस्तक माझ्याकडं आन् त्यानं भिमाजी आप्पांना समजंल असं सांगायचं. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडातनं छापखान्याचं नावच तेवढं बाहेर पडलं.

एकदा बाबा लवकर परतले. घर गपगार. पोरानं अभ्यास सोडला म्हणून ते दौंडला मामाकडं निघालेच हुते, आईनं कसंबसं अडवलं. त्या सांजेपास्नं दादा दुप्पट मोठ्यानं वाचायला लागला, निव्वळ बाबांसाठी.

आन् पास झाला. चांगला वरच्या नंबरात. बाबांनी रविवारी भर उपासनेत, देवानं लेकराला आवाज दिला म्हणून उपकार मानले. दादाला राहू गावच्या शाळेत नेमणूक मिळाली.

मग मी माझ्या ट्रेनिंगचं काढलं. बाबांनी मायेनं माझ्याकडं बघितलं.

"तुला कशाला गं धाडायचं? मी विचारलं की तूच तर सांगायचीस."

मी दादाकडं बघितलं. आता तरी ह्यानं तोंड उघडावं, चिंचेखालचं सांगावं. त्यानं उघडलं.

"व्हय की बाबा, हिला सगळं येतंय."

बिचारा माझं कौतुक करत हुता. मला वाटलं, आडात ढकलावं ह्याला.

दादा राहूला गेल्यावर वाचायला आई उभी राहू लागली, म्हंजी उत्तराला मी एकटीच. बाबांनी विचारलं, जलप्रलयातलं तारू कुणी बांधलं? लहानपणापास्नंचं उत्तर जिभेवर आलेलं. गिळलं.

"न्हाई येत, बाबा."

दुसऱ्या दिवशी, न्हाई येत. तिसऱ्या दिवशीबी तेच. बाबांचा चेहरा उतरला, पण मी दाद दिली न्हाई. शेवटी घाबरून ते आईला म्हणाले, पोरीचं डोकं बसलं की काय. आईनं भाकरी उलटली आन् खाली मान घालून सांगितलं, की ट्रेनिंगला धाडा, तिथं वळण लागंल.

जूनमध्ये बाबांनी माझी ट्रंक यष्टीवर चढवली. माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांचे डोळे भरून आले हुते.

"मोठ्यानं वाच गं, हन्ना."

"व्हय, बाबा," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं.