आरशातली करडी गाडी

माणसाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते, की त्याला समोर फक्त रस्ता दिसतो. मागचं काही दिसत नाही आणि बघावंसंही वाटत नाही.

हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर उच्चारलं, तेव्हा बायको म्हणाली, "मागचं दिसत नाही हे खरंय. फाटकाचा खांब बघून या एकदा."

खांब तिरका झाला होता. आमच्या सात सीटच्या उंच गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर वीतभर ओरखडा होता आणि ओरखड्यात खांबाचा हिरवा रंग होता. आता, मी तेहेतीस वर्षं विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासल्या आहेत. कुठला पोचा कशानं आला हे मी नुसता हात फिरवून सांगतो. त्या अनुभवाच्या जोरावर मी घरच्यांना समजावलं, की खांबाला कुणा तिसऱ्याच गाडीनं धडक दिली असावी आणि आपल्या ओरखड्याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

मुलानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, खांबावर आपल्या गाडीचा रंग कसा?"

माझ्या हाताखाली असता तर त्याला बढती दिली असती.

"गाडी विकून टाकू," तो म्हणाला. "तुम्हाला हवं तिथं मी सोडत जाईन."

हे 'सोडत जाईन' मला फार लागलं. शाळेच्या पिशवीबद्दल बोलावं तसं. शेवटी सौदा ठरला. रस्ता जिथं संपतो तिथल्या दीपगृहापर्यंत मी एकट्यानं गाडी नेऊन परत आणायची. जाऊन-येऊन अठराशे किलोमीटर, सहा दिवस, एक ओरखडा नाही. जमलं तर चावी माझ्या खिशात राहील. नाही जमलं तर चावी मुलाच्या खिशात आणि मी मुलाच्या शेजारी, पट्टा लावून.

बायकोनं या सौद्याला एका शब्दानं विरोध केला नाही. एवढी वर्षं संशयाच्या धंद्यात काढलेल्या माणसाला तिथंच खटकायला हवं होतं.

पहिल्या दिवशी उजाडतानाच निघालो. सहा सीट रिकाम्या, खिडक्या खाली, शेजारच्या सीटवर उकडलेली अंडी आणि थर्मास. मोजपट्टी, खडू आणि कॅमेरा मात्र मी सवयीनं बरोबर घेतले होते. संध्याकाळी मुक्कामाच्या हॉटेलात काउंटरवरचा कारकून माझ्याकडे आणि काचेतून गाडीकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"एकटेच?"

"एकटाच."

"एवढ्या गाडीत?"

"हो."

"कशासाठी चाललाय?"

"सहज."

त्यानं पेन खाली ठेवलं. 'सहज' या शब्दावर जगात कुणाचा विश्वास नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस लग्नाला जातो, कोर्टात जातो, कुणाला तरी टाळायला जातो. सहज कुणी जात नाही. कारकुनानं रजिस्टरात 'कारण' या रकान्यात काहीतरी बरंच लांब लिहिलं आणि मला जिन्यालगतची खोली दिली. तिथून तो मला येता-जाता बघू शकत होता.

खोलीतून घरी फोन केला. बायको म्हणाली, "जेवलात? आणि दुपारी तासभर उजवा इंडिकेटर चालूच राहिला होता म्हणे."

"कोण म्हणे?"

"कोण म्हणणार? वाटलं मला."

चाळीस वर्षांच्या संसारात हिला पुष्कळ काही वाटलेलं आहे, पण इंडिकेटर कधी वाटला नव्हता. मी खाली जाऊन गाडी झडती घेतल्यासारखी तपासली. मुलानं कुठं तरी माग काढणारं यंत्र चिकटवलं असणार. पायपुसण्या उचलल्या, डिकी उपसली, सीटखाली हात घातला. तिसऱ्या रांगेत एक चिकट गोळी सापडली. नातीची, चार वर्षांपूर्वीची. यंत्र नाही.

दुसऱ्या दिवशी आरशात ती गाडी दिसली.

छोटी, करडी, चार दारांची. पुढच्या बंपरचा करडा वेगळा आणि बॉनेटचा करडा वेगळा, म्हणजे बंपर बदललेला. नंबरपाटीचे स्क्रू नवेकोरे. मी हळू केली की ती हळू व्हायची. मी चहाला थांबलो की ती शंभर पावलं अलीकडे, झाडाआड. आता सामान्य माणूस याला योगायोग म्हणेल. मी सामान्य नाही, मला पेन्शन मिळते. अशा गाड्या मी नोकरीत पाहिल्या होत्या. एकट्यादुकट्या म्हाताऱ्याच्या मागे लागायचं, संधी साधून आपणच धडक घ्यायची आणि मग भरपाईसाठी मान धरून रस्त्यात बसायचं.

मी पुरावा गोळा करायला लागलो. सकाळी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर गोल काळा चष्मा होता. दुपारी सोनेरी काड्यांचा, तपकिरी काचांचा. तिसऱ्या दिवशी सकाळी निळसर, पार कानापर्यंत गेलेला. टोपी तेवढी एकच. मी निष्कर्ष काढला: तीन चालक, आळीपाळीनं, टोपी सामाईक. म्हणजे टोळी.

घरी सांगायची सोय नव्हती. 'बाबांच्या मागे टोळी लागली आहे' एवढं वाक्य मुलाच्या कानावर गेलं असतं, तर चावी गेलीच असती, वर डॉक्टरचीही गाठ पडली असती. म्हणून मी एकट्यानं डाव टाकायचं ठरवलं. पेट्रोलपंपावर पुढून शिरून मागून निघालो. एका गोल चौकाला चार वेढे घातले. करडी गाडीनंही चार घातले, आणि पाचव्या वेढ्याला ती माझ्या पुढे होती. ती मला दिसली नाही असं दाखवत मी निघून गेलो. त्यांनीही मी दिसलो नाही असं दाखवलं. दोन्ही बाजूंनी कमालीची सभ्यता पाळली गेली.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी दीपगृहापाशी पोचलो. नऊशे किलोमीटर, ओरखडा शून्य. पुढे दगडी कठडा, त्यापलीकडे पाणी. वाहनतळ रिकामा होता. करड्या गाडीचा पत्ता नव्हता. कठड्याला तोंड करून गाडी लावली आणि शेवटचं अंडं सोललं. खरं तर तिथं मला काहीतरी भव्य वाटायला हवं होतं. पण मी डाव्या हाताला असलेल्या स्वच्छतागृहाकडे बघत होतो. त्याच्या भिंतीआड गाडी दडवली, तर टोळी आत शिरताच मागून वाट अडवता येणार होती. अर्धा तास मी या योजनेवर चोहोबाजूंनी विचार केला. मग रिव्हर्स टाकला.

धप्प.

मोठा आवाज नव्हता. उशी पडावी तसा. आरशात पाहिलं तर काचेच्या खालच्या कडेला करडं छप्पर.

आली, मी मनात म्हटलं. शेवटी घेतलीच धडक. मी मोजपट्टी, खडू आणि कॅमेरा घेऊन उतरलो. पद्धत सोडली नाही. चारी बाजूंनी फोटो काढले. चाकांभोवती खडूनं रेघ मारली. चाकं सरळ. हँडब्रेक ओढलेला. बॉनेटला हात लावला: कोमट, म्हणजे येऊन पंधरा-वीस मिनिटं झालेली. चालक झोपलेला. तोंड उघडं.

मी खडू खिशात ठेवला. नोकरीत हजारभर अहवालांत मी एक वाक्य लिहिलं असेल: 'उभ्या वाहनाचा दोष संभवत नाही.' त्या वाक्यापायी कितीतरी लोकांचे दावे मी हसत हसत फेटाळले होते. आता ते वाक्य माझ्या गाडीच्या मागे उभं होतं आणि घोरत होतं.

घोरणं ओळखीचं वाटलं. आमच्या लग्नात याच आवाजानं भटजी दोनदा थांबले होते.

मी काचेवर टकटक केली. चालकानं निळसर चष्मा कपाळावर सरकवला. बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला अजून बारक्या म्हणतात; वजन शंभराच्या पुढं आहे. चष्म्याचं दुकान आहे त्याचं.

"पोचलो का, भावोजी?" तो म्हणाला.

"तू इकडे कुठे?"

"सहज."

तो कष्टानं बाहेर आला, कमरेवर हात ठेवून मागे वाकला आणि दोन्ही गाड्यांच्या मधे डोकावला. त्याच्या बंपरला वाटीएवढा पोचा. माझ्या गाडीला बोटभर करडी रेघ.

"ताईनं पाठवलं," तो म्हणाला. "म्हणाली, डोळे कसे आहेत ते तूच बघ, तुझाच धंदा आहे. गाडी भाड्यानं घेतली. तुम्ही ओळखू नये म्हणून रोज नवीन चष्मा लावत होतो."

"ओळखलं होतं मी."

"चौकात चार वेढे घातलेत."

"तुझी परीक्षा घेत होतो."

"मला गरगरलं हो. पाचव्याला पुढं निघालो ते डोळे मिटून."

मी कठड्यावर बसलो. तोही बसला, कठड्यानं सहन केलं. रोज सहा वाजता त्यानं ताईला फोन करायचा असतो, हे त्यानं मला सांगितलं. साडेपाच झाले होते. बाजू मांडायला मी तोंड उघडलं: वाहनतळ रिकामा असताना नेमकं माझ्याच मागे गाडी लावणं हा निष्काळजीपणा आहे, वगैरे. शब्द तयार होते. बाहेर मात्र दुसरंच आलं.

"दिसली नाही रे मला," मी म्हटलं. "आणि खांबही नव्हता दिसला."

बारक्यानं माझ्यासमोर बोट धरलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, मागे नेलं.

"डोळे उत्तम आहेत," तो म्हणाला. "मान वळत नाही तुमची. बोट मागे गेलं की तुम्ही ते गेलं असं धरून चालता."

"मग?"

"मग काय. मागे कॅमेरा बसवायचा. समोर बघत बघत मागचं दिसतं. मी सांगतो ताईला: पुढं बघून माणूस झकास चालवतो, चावी राहू द्या, कॅमेरा लावा."

"आणि ही रेघ?"

"ती सांगावी लागेल. पण निम्मी माझी म्हणेन. झोपलो होतो ना मी."

इतकं सरळ कुणी वागलं की मला संशय येतो. तेहेतीस वर्षांत फुकट साक्ष देणारा साक्षीदार मी पाहिला नव्हता. याला काय हवं असेल? गाडी? वर्षभर ताईसमोर माझी मान खाली? की उरलेले नऊशे किलोमीटर माझ्या शेजारी बसून 'भावोजी, जरा हळू'?

"बदल्यात काय?" मी विचारलं.

बारक्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "रागावू नका. पण उद्या सहाऐवजी साडेसातला निघाल का? इतक्या पहाटे माझं पोट साफ होत नाही."