ओटा पुसल्यानंतरची भूक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की तुमचे बाबा पाव भाजतात. सगळे साखरझोपेत असतात तेव्हा त्यांची भट्टी पेटते. त्यामुळे घरातलं सगळंच लवकर. उजाडताच पोटभर न्याहारी, आणि बाहेर मुलांचा खेळ ऐन रंगात असताना रात्रीचं जेवण. मग आई म्हणते, "ओटा पुसला!" त्या घरात याचा अर्थ एकच: आता उद्यापर्यंत कुणी काही मागायचं नाही.

अशा घरात जन्माला आली पिंगळी. पिंगळा म्हणजे छोटंसं घुबड. तान्ही असताना रात्री टक्क जागी असायची, म्हणून हे नाव बाबांनीच पाडलेलं. सकाळी ताट पुढे आलं की तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा.

"नखरे बघा हिचे!" आई म्हणायची.

संध्याकाळच्या जेवणालाही पोट गप्पच. पण ओटा पुसला, बाबा घोरू लागले, की पोटात कावळे कोकलायला लागायचे. पिंगळी या कुशीवरून त्या कुशीवर. पाय शिवशिवायचे, उशी नकोशी व्हायची. शेवटी ती मांजराच्या पावलांनी घरापुढच्या दुकानात जायची आणि टोपलीतला गोड पाव उभ्या उभ्या मटकवायची. मग आणखी एक, आणि एखादा फ्रॉकच्या खिशात. उशिरा जागं झालेलं तिचं पोट साधं काही मागतच नसे. सकाळी पुन्हा भूक नाही. शाळेचा फ्रॉक कमरेत काचू लागला.

"वाऱ्यावर वाढतेय की काय ही?" आई बटणं लावताना म्हणाली.

इकडे पाव कमी भरू लागले आणि बाबांचा संशय गेला मावशीवर. आईची ही बहीण मागच्या खोलीत राहायची, लोकांचे कपडे शिवायची. घर आडवं झालं की तिचं मशीन धावायचं. त्या आवाजाची पिंगळीला फार सोबत वाटे. आणि मावशी होती अंगानं चांगली भरलेली.

सुट्टीच्या दिवशी न्याहारीला बाबा म्हणाले, "पाव कुठे जातात ते दिसतंच आहे."

"दाजी, आडून कशाला? सरळ बोला," मावशी म्हणाली.

"आम्ही दोघं दिवेलागणीला झोपतो. पिंगळी चिमणीएवढंही खात नाही. मग राहिलं कोण?"

"म्हणजे कमरेच्या मापावरून चोर ठरवलात होय? अहो, मापं घ्यायचं काम माझं!"

आई हसली नाही. चहात बघत बसली.

"ताई, तूसुद्धा?" मावशी उठली. "दुपारी हातगाडी बोलावते. मैत्रिणीकडे जागा आहे."

पिंगळी पेचात पडली. खरं बोलावं तर आपण चोर, गप्प बसावं तर मावशी जाणार. ती सकाळभर घरातून दुकानात नि दुकानातून घरात फिरत राहिली. बसवेना, खेळवेना. शेवटी ती मागच्या खोलीत गेली. मावशी दोऱ्याची रिळं डब्यात भरत होती.

"मावशी, मला सकाळी भूक का गं लागत नाही?"

"तुझं पोट उशिरा उठतं, बाई. माझंही तसंच. कुणाचं कोंबड्याबरोबर उठतं, कुणाचं दिवे लागल्यावर. त्यात काही पाप नाही. पण चोरून खाल्लं की भराभरा खाल्लं जातं, आणि पोट भरलं तरी कळत नाही."

"तुला माहीत होतं?"

"फ्रॉकच्या खिशात साखर असते गं. आणि तो फ्रॉक सैल कोण करतं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"ते मी सांगायचं नव्हतं."

बाहेर हातगाडीवाल्यानं हाक दिली. मशीन बाहेर गेलं.

बाबांची दुपारची झोप मोडायची नाही, असा घरात दंडक होता. पिंगळीनं बाबांचा खांदा गदागदा हलवला.

"बाबा, उठा! पाव मी खाल्ले. मला ओटा पुसल्यावरच भूक लागते!"

बाबा डोळे चोळत उठून बसले. ते काय म्हणतात हे ऐकायलाही ती थांबली नाही. धावत दाराबाहेर गेली, आणि गाडीवर चढवलेलं मशीन दोन्ही हातांनी खाली ओढू लागली.