नळाचं पाणी कोण पितं

बाईंनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण दोन्ही हातांनी सरकवलं आणि झटकन मान फिरवली. वास आधी आला, दिसलं नंतर. पाण्यावर हिरवट साय धरली होती, कडेला पिसं चिकटली होती आणि मधोमध एक कबुतर फुगून तरंगत होतं. शिडीचा गज घट्ट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

खाली चौथीचा वर्ग उत्तराची वाट बघत होता. तीन आठवड्यांपूर्वी बाईंनीच मुलांना सांगितलं होतं, यंदा प्रश्न तुम्ही शोधायचा आणि सगळे विषय त्या एका प्रश्नातून शिकायचे. मुलांनी प्रश्न शोधला, शाळेच्या नळाचं पाणी कोण पितं? गणिताच्या तासासाठी त्यांनी मधल्या सुट्टीत नळापाशी उभं राहून माणसं मोजली. भाषेच्या तासाला शिपाईमामांची मुलाखत घेतली. चित्रकलेला नळापासून पाइप कुठे जातो ते काढलं. पाइप भिंतीवरून गच्चीकडे गेला आणि तिथे कागदावर प्रश्नचिन्ह आलं. मुलांना गच्चीवर जायला बंदी होती, म्हणून बाई गेल्या.

तक्ता ठेवायचं काम एका मुलीकडे होतं. तिला सगळी शाळा फौजदार म्हणायची, कारण उत्तर मिळाल्याशिवाय ती कोणाला सोडत नसे. खात्री झालेलं पेनाने लिहायचं, न झालेलं पेन्सिलीने, हा बाईंचा नियम तिने अगदी मनावर घेतला होता. नळाचं पाणी पिणारी मुलं त्रेसष्ट. बाकीचे शिक्षक शून्य. मग तिने बाईंनाही गाठलं होतं.

"बाई, तुम्ही पिता?"

"हो, पिते की."

फौजदारने बाईंपुढे एक लिहिला. घरून आणलेली बाटली तेव्हा टेबलाच्या खणात होती. मी तुमच्यातलीच आहे असं मुलांना दाखवायची हौस, दुसरं काय! पण त्या दिवसापासून फौजदारच्या शेजारी बसणारी लहानखुरी मुलगी घरचं उकळलेलं पाणी आणेनाशी झाली. बाई पितात म्हणजे पाणी चांगलंच असणार. आता चार दिवस बाकावरची तिची जागा रिकामी होती. उलट्या, जुलाब आणि हाताला सलाईन.

बाई गच्चीवरून थेट मुख्याध्यापिकांकडे गेल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"हे आत्ता सांगताय?" मोठ्या बाई म्हणाल्या. "परवा तपासणीला पाहुणे येतायत. टाकी सुट्टीत धुऊन घेऊ."

"आत कबुतर मरून पडलंय. मुलं तेच पाणी पितायत."

"शिपायाला सांगते काढायला. तुम्ही विषय बदला. फुलपाखरं घ्या. भिंतीवर रंगीत दिसतं आणि कोणाला बोचत नाही."

बाईंना नोकरीत कायम करायची फाइल त्याच टेबलावर होती. त्या शेपूट घालून वर्गात परतल्या.

"उद्यापासून सगळ्यांनी घरून पाणी आणायचं."

"का?" फौजदारने विचारलं.

"असंच."

प्रश्न विचारा म्हणून तीन आठवडे घसा कोरडा केला आणि शेवटी काय, तर असंच! बाईंना टाकीची आली नव्हती तेवढी किळस आता स्वतःची आली.

तपासणीपर्यंत वर्गात फुलपाखरांचा सुळसुळाट होता. कोणी कोणता प्रश्न कधी विचारायचा याच्या चिठ्ठ्या बाईंनी वाटल्या. "मला असे कुतूहल वाटते की," अशी सुरुवात मोठ्या बाईंनी स्वतः घालून दिली. नऊ वर्षांचं कुठलं पोर असं बोलतं? पोरं मात्र बोलली, घोकून, एकही शब्द न चुकता. अर्धीअधिक पोरं घरून पाणी आणायला विसरली आणि नळावरच प्यायली. कबुतर निघालं की नाही, हे गच्चीवर जाऊन बघायची बाईंची हिंमत झाली नाही.

तपासणीचे साहेब आले आणि चिठ्ठ्यांमधले प्रश्न ऐकून खूश झाले.

"वा! याला म्हणतात स्वतः शोधून शिकणं."

"साहेबांना पाणी दे गं," मोठ्या बाई फौजदारला म्हणाल्या. दाराशी टेबलावर बंद बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. फौजदार त्या तशाच ठेवून बाहेर गेली आणि भरलेला पेला घेऊन आली.

"नळाचं आहे," तिने साहेबांना सांगितलं. "आमच्या तक्त्यात पाहुण्यांची ओळ रिकामी आहे."

साहेबांनी हात पुढे करायच्या आत मोठ्या बाईंनी पेला काढून घेतला.

"का हो? नळाच्या पाण्यात काही आहे का?" साहेबांनी विचारलं.

"छे छे! आमच्या बाई रोज हेच पितात." मोठ्या बाईंनी हसत हसत पेला बाईंच्या हातात दिला. "घ्या हो, पिऊन दाखवा."

बाईंनी पेला ओठांपर्यंत नेला. पाणी दिसायला स्वच्छ होतं. वास तोच होता, पुसट, पण तोच. पेल्याच्या काठावरून त्यांना ती रिकामी जागा दिसली.

त्यांनी पेला साहेबांसमोर टेबलावर ठेवला.

"मी हे पाणी पीत नाही. कधीच प्यायले नाही. परवा टाकीत मेलेलं कबुतर होतं, मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले."

मोठ्या बाईंचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. बाई फौजदारकडे वळल्या.

"तक्ता काढ. माझ्यापुढचा एक खोड."

फौजदारने दप्तरातून तक्ता काढला आणि फुलपाखरांच्या चित्रांवर पसरला. सगळे आकडे निळ्या पेनाने लिहिलेले होते. बाईंपुढचा एक तेवढा पेन्सिलीचा होता.

"हा पेन्सिलीने का गं?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

फौजदारने एक खोडला, खोडरबराचा चुरा फुंकरीने उडवला आणि शून्य लिहायला पेनाचं टोपण काढलं.

"तुमचं अजून नक्की नव्हतं, बाई."