विचारल्याशिवाय नाही

"स्वल्प लागलंय रे तम्मा," माझा थोरला भाऊ, अण्णा, फोनवर म्हणाला. "रंगाचं उकळतं पाणी पायावर सांडलं. सूज आलीय. गल्लीतल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. घेऊ की नको? तू विचार म्हटलास ना, अल्वा? म्हणून फोन केला."

मी दिल्लीत एका परिषदेत होतो. लोक ऊठसूट अँटिबायोटिक घेतात आणि त्यामुळे जंतू औषधांना दाद देत नाहीत, यावर दहा मिनिटांनी मला बोलायचं होतं. घाईत म्हणालो, "सुम्ने, उगाच काही घेऊ नकोस. रविवारी येतो, बघतो."

"आयतु," तो म्हणाला, आणि निर्धास्त झाला. तो बुधवार होता.

आमचा पिढीजात धंदा कापड रंगवायचा. गुरुअण्णाने तो म्हैसूरच्या जुन्या गल्लीत शेवटपर्यंत चालवला. साडीला जुळणारी ओढणी त्याच्याकडूनच रंगवून घ्यावी, अशी त्याची ख्याती होती. नखं कायमची निळी. एकदा माझी जंतू तपासायची प्रयोगशाळा बघायला आला होता. जंतू दिसावेत म्हणून मी रंगवलेली काच त्याने उजेडात धरली आणि म्हणाला, "जांभळा जास्त राहिलाय. अजून धू." धुतली. त्याचंच खरं होतं.

तीन वर्षांपूर्वी युगादीला, म्हणजे पाडव्याला, त्याच्या घरी माझं डोकं फिरलं. इंदिरावहिनी रंगाच्या जुन्या डब्यातून उरलेल्या गोळ्या वाटत होत्या. कुणाला सर्दीची, कुणाला पोटाची, शेजारणीलाही दोन. अठरा वर्षं मी एकेक औषध निकामी होताना बघत आलेला माणूस. भरल्या पानावरून उठलो आणि तो डबा सगळ्यांदेखत कचऱ्यात रिकामा केला. वर भाषण ठोकलं. दुसऱ्या कुणी मला दार दाखवलं असतं. अण्णा हसला आणि ज्याला त्याला अभिमानाने सांगत सुटला, "आजपासून तम्माला विचारल्याशिवाय ह्या घरात गोळी नाही!"

मग फोन सुरू झाले. खोकला, पित्त, दाढ. दहातल्या नऊ वेळा मी 'नको' म्हणायचो आणि ते बरोबरही असायचं. जिभेला 'नको'ची सवय लागली ती अशी.

रविवारी पोचलो तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला होता. त्यात त्याला मधुमेह. अण्णा तापात बरळत होता. दवाखान्यात त्यांनी मोठमोठी औषधं शिरेतून दिली, पण विष रक्तात भिनलं होतं. मंगळवारी दुपारी तो गेला.

त्याच्या रक्ताचा नमुना माझ्याच प्रयोगशाळेत आला होता. आमचा तंत्रज्ञ वेंकोबा म्हणाला, "सर, तुम्ही नका बघू. मी बघतो." मी ऐकलं नाही. थाळीत जंतू वाढवून त्यांच्यावर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं. अलीकडे थाळ्यांतून कडी दिसेनाशी झाली आहेत. जंतू टिकलीला भिडून वाढतात. झाकण उघडताना माझ्या मनात काय होतं ते लाज सोडून सांगतो: एकही कडं नसू दे. म्हणजे कुणाच्याच हाती काही नव्हतं असं झालं असतं.

प्रत्येक टिकलीभोवती कडं होतं. गल्लीतल्या डॉक्टरने दिलेल्या औषधाच्या टिकलीभोवती सगळ्यांत रुंद. इतका गरीब जंतू मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तेराव्याला माणसं पांगल्यावर इंदिरावहिनींनी गोळ्यांची पट्टी आणून पुढ्यात ठेवली. दहाच्या दहा शाबूत.

"तुझा तो हट्टी जंतूच होता ना रे शामू? कशालाच न जुमानणारा?"

माझी सुटका त्यांनी आपण होऊन पुढे केली होती. नुसती मान हलवायची होती.

"नाही वहिनी. ह्याच गोळ्यांनी बरा झाला असता. मी नको म्हणालो."

त्यांनी पट्टी बाजूला सारली. मग उठून आत गेल्या. आल्या तेव्हा एका हातात पाण्याचं भांडं होतं, दुसऱ्या तळव्यावर एक पांढरी गोळी.

"रक्तदाबाची आहे. रोजची," त्या म्हणाल्या. "घेऊ?"

आवाजात टोमणा असता तर बरं वाटलं असतं. मी तो शोधला. नव्हता.

"घ्या," मी म्हणालो, तेव्हाच त्यांनी ती तोंडात टाकली.