बचतमहालाच्या दारातला बोजारा

दुर्गेश्वरीच्या पडवीत घरघंटी बसवायची, हे कामठ्याच्या धान रोवणाऱ्या बायांनी गुडघाभर चिखलात उभ्या राहून ठरवलं. आदल्या पावसाळ्यात बांधावरून घसरून तिची कंबर गेली होती. तेव्हापासून तिला वाकता येत नाही, आणि जिला वाकता येत नाही तिला आमच्या धानाच्या मुलखात पावसाळाभर काम नाही. नवरा रायपूरकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. टोळीची म्होरकी मनकर्णाबाई म्हणाली, "शेवटच्या बांधीची मजुरी कोनी घरी नेनार नाई. तिच्यात दुर्गीची चक्की येते. बसल्या जागी दळंल, बसल्या जागी खाईल." बाया हो म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. संपली सभा.

ही मनकर्णाबाई रोवायला उतरली की बांधीतले, म्हणजे धानाच्या वाफ्यातले, बेडूक आपण होऊन बांधावर जाऊन बसतात, उगाच पायाखाली यायला नको म्हणून. एकदा तिनं बांधीच्या मालकाला अशी हाक मारली की तलावाचं पाणी दोन बोटं मागे सरकलं. मी पाहिलेलं आहे. तुम्ही तेव्हा तिथं नव्हता, त्याला मी काय करू?

त्याच आठवड्यात गोंदियाच्या 'बचतमहाल' नावाच्या नव्या दुकानाची भोंग्याची गाडी गावात ओरडून गेली. घरघंटी फक्त बारा हजारात, ऑफर रविवारपर्यंत. बायांच्या गाठीला बारा हजार होते, वर शालीकरामच्या टेम्पोचं भाडं. रविवारी सकाळी बाया टेम्पोत चढल्या. मलाही चढवलं, कारण चष्मा माझ्याकडे होता. टेम्पोत आदल्या दिवशीच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, उरलेल्या चार पेंढ्या पडल्या होत्या. त्यांच्यावरच आम्ही बसलो.

बचतमहालाचं दार काचेचं. माणूस दिसला की आपोआप सरकतं. टोळीतली वच्छला त्याला हात जोडून म्हणाली, "या म्हनून राह्यलं वो बिचारं!" आत अशी थंडी होती की शालीकरामच्या मिशीला दहिवर सुटलं आणि माझी दातांची कवळी माझ्या परवानगीशिवाय वाजायला लागली. घरघंटीचं खोकं समोरच मांडलेलं, वर हातभर पाटी: बारा हजार. बाराच्या शेजारी एक चांदणी होती. ती एवढी बारीक की तिच्यावर बसलेल्या मुंगीलाही ती दिसली नसावी. मला तर मुंगीच दिसली.

दुर्गेश्वरी खोक्याजवळ गेली आणि त्यावर तळवा ठेवून उभी राहिली.

गळ्यात टाय बांधलेला मॅनेजर आला. पीयूष त्याचं नाव, छातीवरच लटकत होतं. "माताजी, पहले पेमेंट, फिर बिल," म्हणाला. मनकर्णाबाईनं लुगड्याच्या ओच्यातून पुडकं काढून दिलं. पैसे गल्ल्यात गेले आणि मशीन बिल ओकायला लागलं. ओकतंय, ओकतंय, थांबायचं नाव नाही. बिलाचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं फुलचूर नाक्यावर पोचलं असावं, कारण तिकडून एका ट्रकवाल्यानं ते ओढल्यासारखं मला वाटलं.

"वाचा बाबाजी," मनकर्णाबाई म्हणाली.

मी वाचलं. "घरघंटी, बारा हजार. हाताळणी आकार, सहाशे."

"कोनं हाताळली?"

"माताजी, वो गोदाम से यहाँ तक लाने का," पीयूष म्हणाला.

"मंग तुमी ते गोदामातच इकाचं होतं. आमी तठी आलो असतो. पुढं?"

"पॅकिंग, अडीचशे."

"खोक्याचे अलग? उद्या कणीस घेतलं तर सालाचे अलग घेसान!"

"वाढीव हमी, नऊशे."

"हे नाई घेतली तर चक्की दळत नाई का गा?"

"दळेगी, माताजी, पर सिस्टम में कंपल्सरी है."

"सदस्यता, पाचशे."

"कायची सदस्यता?"

"दुकानाची," मी म्हणालो.

"मंजे दुकान आमच्या नावावर करून राह्यले का?" वच्छलानं विचारलं. मागच्या बाया फिसकन हसल्या. पीयूष हसला नाही.

"सुविधा शुल्क, दोनशे."

"आता हे कोनती सुविधा?"

"एसी है ना, माताजी. इतनी ठंडक."

मनकर्णाबाईनं पदर अंगाभोवती आवळला. "थंडी आमाले वाजली, लेका. कुडकुडलो आमी. पैसे तुमी द्याचे का आमी द्याचे?"

मी अनेक चोर पाहिलेत. एक तर असा होता की रात्री बैल चोरायचा आणि सकाळी त्याच मालकाला कडबा विकायचा. पण तोही बैल पळवताना घामाघूम व्हायचा हो, जीव मुठीत धरून यायचा. या बचतमहालात चोरी होते दिवसाढवळ्या, वर एसी, समोर गुळगुळीत फरशी, आणि चोरणारा म्हणतो, माताजी, सिस्टम में है. भाव एक सांगायचा, पैसे गल्ल्यात घ्यायचे, आणि मग खिशात हात घालून विचारायचं, आणखी काय आहे? गावातल्या किराणावाल्यानं असं केलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी स्वतःचं मीठही कोणी विकलं नसतं.

सगळं मिळून चौदा हजार साडेचारशे झाले. वरचे पैसे कोणाकडेच नव्हते.

"नाई पायजे मंग," मनकर्णाबाई म्हणाली. "पैसे वापस द्या."

पीयूषनं मशीनकडे पाहिलं आणि सांगितलं, "बिल बन गया, माताजी. कैंसल करने का दस परसेंट कटेगा."

"काय कटंल?"

"बाराशे," मी म्हणालो, आणि माझ्या तोंडून पुढं जे निघालं ते छापण्यासारखं नाही. म्हणजे चक्की घ्यायची तर जास्तीचे द्या आणि नको असेल तरी द्या! अहो, न घेण्याचेही पैसे! आम्ही घरीच राहिलो असतो तर बहुतेक न येण्याचे लावले असते.

तेव्हा दुर्गेश्वरीनं खोक्यावरचा हात काढला. "राहू द्या, मोठीमाय," ती हळूच म्हणाली. "कटून जेवढे येतीन तेवढे घ्या अन् चाला. तुमच्या साऱ्यायच्या कंबरेची मजुरी हाय ते. माह्यापायी नोका बुडवू. मी पाहीन काई तरी."

काय पाहणार होती ती? सगळ्यांनाच माहीत होतं की पाहण्यासारखं काहीच नाही.

मनकर्णाबाई वळली आणि बाहेर गेली. बाया मागोमाग. मला वाटलं, हरली. तेवढ्यात बाहेरून तिची हाक आली, "शालीकराम, ते पऱ्हे आन रे अठी!"

आता जे तुमच्यातले धानाच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रोवणा आटोपला की आमच्या बाया रस्त्यावर येतात. जाणाऱ्यायेणाऱ्याच्या समोर पऱ्ह्यांची पेंढी आडवी टाकतात, वाट अडवतात, गाणं म्हणतात आणि बोजारा मागतात. सायकलवाला असो की सुमोवाला, खुशीनं चार पैसे देतो, दोन टोमणे खातो, पुढं जातो. नसेल द्यायचं तर हात जोडतो. त्यात कोणाची मान खाली जात नाही, कारण मागणं तोंडावर असतं, उजेडात असतं. मनकर्णाबाईनं तर एकदा रुळावर पेंढी टाकून मालगाडीकडून बोजारा घेतलाय. इंजिनवाल्यानं खिशात सुट्टे नव्हते म्हणून कोळशाचं एक ढेकूळ दिलं आणि दोनदा शिटी वाजवली.

बायांनी चार पेंढ्या बचतमहालाच्या दारात आडव्या ओळीनं मांडल्या आणि मागं खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. दाराला वाटलं गिऱ्हाईक आलं. ते उघडलं. मिटायला गेलं, पुन्हा बाया दिसल्या, पुन्हा उघडलं. आतली थंडी बाहेर पळायला लागली. समोरचा पाणीपुरीवाला म्हणतो की त्या दिवशी त्याच्या पाण्यावर बर्फाची साय धरली.

"बोजारा द्या जी, बोजारा!" मनकर्णाबाईनं आवाज लावला. "आमच्यासाठी नाई जी. आमचा रोवना झाला, आमी खाऊनपिऊन सुखी हाओत. हा दुकानाच्या सेठसाठी बोजारा! बिचाऱ्याले पाटीवरच्या भावात पुरून नाई राह्यलं!"

ट्रॉली ढकलत निघालेला पहिला माणूस सडक अर्जुनीकडचा ढाबेवाला होता. त्यानं हसत दोन नाणी काढली. "काऊन बाई, सेठले काय झालं?"

"हाताळाचे सहाशे, खोक्याचे अडीचशे, थंडीचे दोनशे. तरी उपाशी हाय! तुमचं बिल पाहा ना जी, तुमी किती घास चारले त्याले."

त्यानं बिल काढलं. वाचता वाचता त्याचं हसू मिशीत मावेनासं झालं आणि मग एकदम नाहीसं झालं. "बाल्टी घेतली मी. बाल्टी! तिची हँडलिंग चाळीस? कडी तर मीच धरून राह्यलो ना तिची!"

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. दारात एकेकजण थांबू लागला, बिलं खिशातून, पर्समधून, पिशवीतून निघू लागली. कोणाला चपलेवर पॅकिंग लागलेलं, कोणाला साबणाच्या वडीवर सदस्यता. एक गुरुजी होते. त्यांच्या उशीला वाढीव हमी लावली होती. "म्हणजे झोप नाही आली तर बदलून देणार का?" असं विचारत ते परत आत गेले. मनकर्णाबाईच्या पसरलेल्या पदरात नाणी पडत होती आणि प्रत्येक नाण्याबरोबर कोणीतरी ओरडत होतं, "ये लो, सेठजी के लिए!"

पीयूष धावत आला. "ए, भीख मत माँगो यहाँ! पुलिस बुलाऊँगा!"

"बोलाव," मनकर्णाबाई म्हणाली. "त्याच्यापासूनई बोजारा घेऊ. त्यानं का इथं सामान नसंन घेतलं?"

पोलीस नाही आला, सेठ आला. कैलाश सेठ, पांढऱ्या गाडीतून, पांढऱ्या शर्टात. तो परका नव्हता, याच शहरात वाढलेला. दारातल्या पेंढ्या बघताच त्याची पावलं थबकली. बोजारा कोण मागतं, कोणाला देतात, हे त्याला मॅनेजरपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि इथं तर अख्खं गोंदिया त्याच्या नावानं पदरात पैसे टाकत होतं.

तो मनकर्णाबाईजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "अम्मा, गलती हो गई. बारा हजारात देतो. सिर्फ आपके लिए. टेम्पो मागच्या दाराला लावा, चुपचाप घेऊन जा. बस, ये सब हटा लो."

मनकर्णाबाईनं दुर्गेश्वरीकडे पाहिलं. "तुही चक्की हाय, दुर्गे. तू सांग."

दार अजून उघडत मिटत होतं. दुर्गेश्वरी कंबरेला एक हात लावून पायऱ्यांवर उभी होती. ती हो म्हणाली असती तर मी तिला नावं ठेवली नसती, आणि ज्यानं ठेवली असती त्याला मी ओळख दिली नसती. पोट तिचं होतं.

"चक्की मले पायजे, सेठजी," ती म्हणाली. "लय पायजे. पन मागच्या दारानं कायले? मी का चोरून नेऊन राह्यली? मले पाटीएवढं बिल द्या. अन् जे आमच्या मांगून येनार त्यायच्यासाठी बिलाएवढी पाटी करा. साऱ्यायसमोर."

"पाटी मेरे हाथ में नहीं है, बेटी. कंपनी..."

"मंग हा घ्या." मनकर्णाबाईनं पदर पुढं केला. नाण्यांचा ढीग त्यात लोंबत होता. "तुमचा बोजारा हाय. पाटी नाई बदलत तर पदर पसरा, अन् घ्या लोकायसमोर."

सेठनं त्या ढिगाकडे पाहिलं. मग गर्दीकडे. ढाबेवाला बादली उलटी करून तिच्यावर बसला होता, खेळ बघायला. सेठचा पांढरा शर्ट काखेत ओला झाला, त्या थंडीत! त्यानं पदराकडे हात नेला नाही. नेऊच शकला नाही.

"पीयूष," तो शेवटी म्हणाला, "मार्कर ला."

त्यानं स्वतःच्या हातानं पाटीवरचे बारा हजार खोडले, चांदणी खोडली आणि मोठ्या आकड्यांत चौदा हजार साडेचारशे लिहिले. त्याच पाटीसमोर उभ्या दोन जोडप्यांनी ते वाचलं, एकमेकांकडे पाहिलं आणि ट्रॉली तिथंच सोडून बाहेरची वाट धरली. "एवढ्यात तर बाजारात घरपोच देतात," त्यातली एक बाई मोठ्यानं म्हणाली. पीयूष दुसऱ्या पाटीकडे गेला, मग तिसरीकडे. गर्दी त्याच्या मागून जात होती आणि प्रत्येक नव्या आकड्यावर असा 'आँ!' निघत होता की वरचे दिवे लुकलुकत होते. मनकर्णाबाईनं पेंढ्या उचलल्या आणि पदरातली नाणी ज्याची त्याला परत घ्यायला लावली. ढाबेवाल्यानं घेतली नाहीत. मग त्याच्या बादलीतच टाकली.

दुर्गेश्वरीला बिल मिळालं, एका ओळीचं: घरघंटी, बारा हजार. शालीकराम खोकं उचलायला वाकला, तर ती म्हणाली, "थांब रे भाऊ."

तिनं कमरेची पुरचुंडी सोडली. त्यात ओंजळभर तांदूळ होते. दळून पाहिल्याशिवाय चक्की घ्यायची तिची तयारीच नव्हती. "खोका खोला, सेठजी. लावा."

बचतमहालाच्या मधोमध, त्या गुळगुळीत फरशीवर, घरघंटी घरघरली. पीठ उडालं ते पीयूषच्या टायवर, सेठच्या शर्टावर आणि माझ्या चष्म्यावर बसलं. दुर्गेश्वरीनं चिमूटभर पीठ दोन बोटांत घेतलं, चोळलं, पुन्हा चोळलं. सगळं दुकान तिच्या बोटांकडे बघत होतं.

"जाडं हाय," ती म्हणाली. "बारीक जाळी टाकून दाखवा."