शुक्रवार, दुपारी बारा

माझी बायको मैनाबाई बहात्तर साली श्रावणात क्षयानं गेली. पंचवीस वर्षं तिनं घरी बसून माझ्या मागासाठी कांड्यांवर सूत भरलं. हिवाळी अधिवेशनात विणकरांना मोफत उपचार देणारं विधेयक नागपुरात आलं, ते मी वाचून घेतलं. त्यात माग चालवणारे होते, कांड्या भरणाऱ्या बाया नव्हत्या. आता मैनाच्या जागी आमची लेक उत्तरा बसते. तीही खोकते.

आमचे आमदार भैय्याजी म्हणाले, बायांच्या सह्या आणा, मी दुरुस्ती देतो. शनिवारी पाचपर्यंत मुदत आहे. गुरुवारी संध्याकाळी मी पुन्हा विचारायला गेलो. त्यांनी चहा पाजला.

"शनिवारीच आना गा मारोतराव. घाई काहून करून राहिले?"

शनिवारी सकाळी बेचाळीस बायांचे अंगठे घेऊन आमदार निवासात गेलो. भैय्याजी म्हणाले, अधिवेशन लवकर आटोपायचं म्हणून मुदत बदलली, काल दुपारी बारालाच संपली. आपल्यालाही आत्ताच कळलं.

मला पटेना. विधान भवनातले कारकून नत्थूजी आमच्या पाचपावलीचे. त्यांनी फाटकाशी येऊन पत्रक दाखवलं. मुदत बदलणारी बैठक गुरुवारी सकाळी झाली होती. हजर सदस्यांत तिसरं नाव भैय्याजींचं. म्हणजे मला चहा पाजला तेव्हा त्यांना माहीत होतं. नत्थूजी म्हणाले, सदस्यानं उभं राहून मागितलं तर अध्यक्ष उशिराची दुरुस्तीही घेऊ शकतात.

मी परत गेलो.

"पत्रकावर तुमचं नाव आहे जी."

भैय्याजी म्हणाले, "सोमवारी मागतो ना मी. इस्वास नाही का मायावर?"

"गॅलरीचे दोन पास द्या. बसून पाहतो."

सोमवारी मी आणि शेजारच्या इंदूबाई वर बसलो. भैय्याजींनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग उठून काहीतरी पुटपुटले आणि बसले. अध्यक्षांनी मान वर केली नाही. विधेयक मंजूर झालं.

"काय बोलला भाऊ तो?" इंदूबाईनं विचारलं.

"मलेही ऐकू नाही आलं."

कायदा लागू झाल्यावर उत्तराला सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, काम काय करते?

"माग चालवते," मी म्हटलं.

बाई उत्तराच्या हातांकडे पाहत राहिली. उत्तरानं हात पदराखाली घेतले.

"चालवते जी," मी पुन्हा म्हटलं.

बाईनं लिहून घेतलं.