तिन्हीसांजेचं जनावर

संगणकाने त्या प्राण्याचं जुळवलेलं वर्णन असं:

अंगावर ठिपके. शेपूट लांब. कात टाकतो. झाडावर चढतो. कुत्री खातो, बेडूक खातो, सरकी पेंडही खातो. दातात विष. सकाळ-संध्याकाळ दूध देतो, फॅट चांगली लागते.

खात्री: चौऱ्याण्णव टक्के.

सकाळ. या भागात सगळ्यांची नावं मोकळेपणाने घेतली आहेत.

पारगावच्या घरी संस्कृतीने हे वाचलं आणि हातातला चहा कीबोर्डवर सांडला.

ती पुण्यात पीएचडी करत होती. काम सांगायला सोपं होतं. जुन्नर-आंबेगावातल्या प्राण्यांची माहिती नको तितक्या ठिकाणी विखुरलेली. बिबट्याचे फोटो रानात लावलेल्या कॅमेऱ्यांत, त्याच्या विष्ठेतला डीएनए प्रयोगशाळेत, सर्पदंश दवाखान्यात, म्हशींचं दूध डेअरीत आणि आहुप्यापासून येडगावापर्यंत लोकांनी काय काय पाहिलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यांच्याच आवाजात. हे सगळं एकत्र जोडायचं आणि कोण कोणाच्या शेजारी राहतं ते संगणकाकडून काढून घ्यायचं. संगणक नाव बघून जोडणार होता. नाव एक, तर प्राणी एक. नावं भरण्याचं काम तेवढं संस्कृतीचं.

ते तिने सुट्टीत घरी बसून केलं. संध्याकाळी.

पहिल्याच संध्याकाळी ती पुटपुटत टाईप करत होती, बिबट्या, मळ्याजवळ. तिची आई चिमाबाई वाती वळत बसली होती. ती उठली आणि तिने लॅपटॉप मिटला.

“दिवेलागणीला त्याचं नाव घेऊ न्हाई. घेतलं का येतंय.”

“घेत नाय आई, टाईप करतीय.”

“मग त्याला काय वाचता येत न्हाई व्हय?”

संस्कृतीने लॅपटॉप परत उघडला. जनावर म्हण, आईने तोडगा काढला. संस्कृतीने जनावर लिहिलं. मग साप आला. त्याचंही नाव घ्यायचं नसतं, तोही जनावरच झाला. म्हशींच्या वेळी विचारावंच लागलं नाही. या घरात ‘जनावरांना वैरण टाकली का’ याशिवाय दिवस मावळत नसे.

तीन प्राणी, एक नाव. संगणकाने इमानदारीत तिघांना एका कातडीत भरलं.

आता ती हे निस्तरणार, तोवर तिचे मार्गदर्शक डॉ. सुदर्शन यांनी आलेख पाहिला होता. सगळीकडे बारीक ठिपके आणि मधोमध एक भलामोठा गोळा. सरांनी समितीला कळवून टाकलं की नवी प्रजाती सापडली. ही समिती प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की तो बंद करायचा ते ठरवणार होती. प्रकल्प बंद म्हणजे पीएचडी बंद. भिमाजीकाकाने साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तिच्यासाठी खुर्ची धरूनच ठेवली होती. तिथंबी कॉम्प्युटरच हाय, असं तो मायेने सांगायचा.

समितीच्या अध्यक्ष इंद्रायणी मॅडम म्हणाल्या, प्रत्यक्ष बघू. आजच.

संस्कृती सरांना फोन लावत राहिली. सर मॅडमना घेऊन स्वतः गाडी चालवत होते, म्हणून फोन बंद.

दुपार.

गाडी मंचरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली.

तिन्हीसांज. इथून पुढे त्याचं नाव येणार नाही.

पारगावला पोचलेले पाहुणे बसायच्या आत खरं सांगून टाकायचं, असं संस्कृतीने ठरवलं होतं. पण मॅडम चिमाबाईंकडे वळून नम्रपणे म्हणाल्या, “आम्हाला ते जनावर बघायचंय.”

चिमाबाई हरखल्या. “कंचं? दुभतं का भाकड?”

“दुभतं,” सर ठामपणे म्हणाले. वर्णन त्यांनी ट्रॉल्यांमागे वाचून काढलं होतं.

सगळे गोठ्याकडे निघाले. गोठ्याला कालच चुना लावला होता, त्याचे शिंतोडे मंगळी म्हशीच्या पाठीवर वाळले होते.

“ठिपके,” सर कुजबुजले.

मॅडमनी चष्मा पुसला. मंगळीला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. “आणि ही झाडावर चढते?”

चिमाबाईंनी लेकीकडे पाहिलं. बाई बऱ्या हायेत ना, असं त्या पाहण्यात होतं.

मग संस्कृतीने सगळं सांगितलं. वाती, मिटलेला लॅपटॉप, एक नाव. सर मंगळीच्या पाठीवरचा एक ठिपका नखाने खरवडून पाहत होते. तो निघाला.

“म्हणजे म्हैस, साप आणि बिब–”

दुसऱ्या नावाला चिमाबाई दचकल्या, तिसऱ्याला त्यांनी मॅडमच्या तोंडावर हात ठेवला. शेणाचा होता, पण वेळ तशी होती.

उसात सळसळ झाली. काय होतं ते पाहायला कोणी थांबलं नाही. सगळे घरात गेले. सर आधी.

तोंड धुऊन, चहा घेऊन मॅडमनी विचारलं की आता ही तीन जनावरं सोडवायची कशी. की सगळं पहिल्यापासून? संस्कृतीला समोर वजनकाटा दिसत होता. मग तिने मोबाईलवर लोकांचे आवाज लावले. एक ऐकला, दुसरा ऐकला आणि ती ताठ बसली.

“मॅडम, नाव एकच आहे, पण क्रियापद वेगळं आहे. तुम्ही विचारा.”

“जनावर निघालं?”

“बिनपायाचं.”

“दावं तोडलं?”

“म्हैस.”

“बांधावर बसलंय?”

“ते,” संस्कृती म्हणाली आणि तिने दाराकडे बोट केलं.

सरांनी उठून कडी लावली.

“जनावर मेलं?”

संस्कृती अडली. “तिथे फोन करून विचारावं लागेल.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. त्यांनी तिथेच शेरा लिहिला: मुदतवाढ मंजूर. माहिती क्रियापदांवरून पुन्हा जोडावी. प्राण्यांची नावं सूर्यास्तापूर्वीच भरावीत.

निघताना सर कधीच काचा वर करून गाडीत बसले होते. मॅडम पायरीवर घुटमळल्या.

“वाटेत जनावर आडवं आलं तर?”

“कंचं?” चिमाबाईंनी विचारलं.

मॅडमनी उसाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“दुभतं नसलेलं.”